उधारीचा भाव, रोखीचा भाव

आज आपण कापसाच्या उधारीवर बोलणार आहोत. बचत गटाच्या बैठकीत हप्ता, शिल्लक, व्याज हे आपण पै-पैचं मांडतो. शंभर रुपयांचा फरक आला तरी वही पुन्हा तपासतो. पण घरातला सगळ्यात मोठा व्यवहार कोणता? पेरणीला आणलेलं बी-खत आणि दिवाळीच्या आगेमागे घरातून गेलेला कापूस. त्याचा हिशोब बहुतेक घरांत दुकानदाराच्या वहीत असतो. आपल्या वहीत त्याचं पानसुद्धा नसतं.

दिंद्रुड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. माजलगाव तालुक्यातलं, तेलगावहून परळीकडे जाताना लागणारं मोठं गाव, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांचं खरेदीचं ठिकाण. माजलगावचं धरण झालं, कालव्याचं पाणी आलं, तसा या पट्ट्यात ऊस वाढला. त्याआधी रोख पैसा देणारं पीक म्हणजे कापूस, आणि कोरडवाहू रानात आजही कापूसच. ज्वारी खायला, कापूस विकायला, अशी आपल्या आजी-पणजीच्या काळची वाटणी होती.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या राज्याचा रुपया वेगळा होता. त्याला हाली शिक्का म्हणत. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हाली रुपये दिले की साधारण सहा कलदार मिळायचे. आता विचार करा, मुंबईच्या बाजारातला कापसाचा भाव कलदारात बोलला जायचा आणि गावात हातात पडायचा तो हाली. भाव कोणत्या रुपयात सांगितला हे नीट ऐकलं नाही, तर साताला एक रुपया तिथल्या तिथं गेला. पन्नाशीच्या दशकात हाली चलन बंद झालं आणि ही भानगड मिटली. पण ‘भाव कशातला सांगतोय’ हा प्रश्न मिटलेला नाही. आज तो ओलाव्याच्या आणि कटतीच्या रूपात येतो. त्याकडे मी येतेच.

१९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. गोदावरीपलीकडं सेलू, मानवत, परभणी ही कापसाची मोठी ठिकाणं झाली. जिनिंगचे कारखाने रेल्वेच्या जवळ निघाले. पुढे परळीलाही गाडी आली. कापसाला मागणी वाढली, तसा गावात पैसा लावणाराही वाढला, कारण गिऱ्हाईक पक्कं होतं आणि माल कुठं जाणार हेही पक्कं होतं.

कापसाचं वर्ष कसं असतं ते आपण बायकांनी वेगळं समजावून घ्यायला नको. मृगात बी मातीत जातं. पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास. मधले चार-पाच महिने घरातून फक्त जातं, येत काहीच नाही. खुरपणीची मजुरी जाते, नागपंचमीला लेक माहेरी येते, पोळ्याला बैलांचा साज लागतो, महालक्ष्म्यांचा सण तर दारात उभाच असतो. हे सगळं कापूस घरात यायच्या आधी. म्हणून उधारी. जुन्या काळी घरातल्या बाईला हातात रोख रुपया फारसा दिसायचाच नाही. दुकानातून मीठ, गूळ, राॅकेल, लुगडं यायचं आणि दुकानदार वहीत मांडून ठेवायचा.

या उधारीचं व्याज तीन ठिकाणी लपलेलं असायचं.

पहिलं, मालाच्या भावात. रोखीचा भाव एक, उधारीचा भाव एक. लुगडं रोखीनं चार रुपयांना असेल तर वहीत साडेचार किंवा पाच लागायचे. व्याज म्हणून वेगळं काही सांगायचंच नाही.

दुसरं, उघड व्याज. ते आण्यात बोलायचे, म्हणून हलकं वाटायचं. ‘रुपयाला महिना अर्धा आणा.’ अर्धा आणा म्हणजे काय, तर काहीच नाही! आता हे मांडून बघू. शंभर रुपये घेतले. महिन्याला पन्नास आणे. सहा महिन्यांचे तीनशे आणे, म्हणजे पावणेएकोणीस रुपये. वर्षाचा दर होतो शेकडा साडेसदतीस. आज आपण ‘शेकडा तीन रुपये’ असं सहज बोलतो ना, ते महिन्याचं असतं. वर्षाचे छत्तीस झाले. आणे गेले, मोजायची रीत तीच राहिली. धान्याची उधारी तर सवाई नाहीतर दिडीनं. चार पायल्या ज्वारी आषाढात नेली की सुगीला सवाईनं पाच, दिडीनं सहा परत. न्यायानं सांगायचं तर आषाढात ज्वारी महाग असते आणि सुगीत स्वस्त, त्यामुळं सवाईतला काही भाग भावातला फरकच असायचा. दिडीचं मात्र समर्थन करता येत नाही.

तिसरं ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं. ज्याची उधारी त्यालाच कापूस. दुसरीकडं गाडी नेली तर पुढच्या मृगाला बी मिळायचं नाही. त्यामुळं भाव त्याचा, तागडी त्याची, मापं त्याचीच. कधी कधी तर पऱ्हाटीला पात्या लागल्या की कापसाचा सौदा ठरून जायचा, आजच्या अडचणीच्या भावानं. बोंड फुटलं तेव्हा ते आपलं राहिलेलंच नसायचं. मोठ्या बाजारातही कित्येक ठिकाणी व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल तो शेजारी उभा, आणि त्यालाच भाव दिसत नाही. निजाम सरकारनं १९३० मध्ये शेतीबाजाराचा कायदा केला, नंतर मोंढ्यांना नियम लागू झाले. पण नियम मोंढ्यात, आणि उधारीत अडकलेल्या माणसाचा कापूस घरातूनच उचलला जायचा.

दुकानदार वाईटच होता असं मला म्हणायचं नाही. पाऊस गेला तर त्याचेही पैसे बुडायचे, रात्री-अपरात्री दवाखान्याला त्याच्याच दारात जावं लागायचं, आणि बॅंक तर कुणी पाहिलीच नव्हती. माझं म्हणणं एवढंच की तो तीनही ठिकाणी घेत होता आणि आपल्याला एकच ठिकाण दिसत होतं.

आता बायकांची बाजू. वेचणीची मजुरी पुष्कळ ठिकाणी कापसातच मिळायची, वेचलेल्या कापसातला ठरलेला वाटा. तो वाटा बाईच्या ओटीतला, तिच्या मालकीचा. त्यावर ती कासाराकडून बांगड्या भरायची, दुकानातून तेल-मीठ आणायची. पोरंसुद्धा मूठभर कापूस नेऊन गोळ्या-बिस्किटं आणायची, हे तर आपल्यातल्या कित्येकींनी स्वतः केलंय. दुकानदाराची त्यात मजा होती. मूठभर कापसाला कोण तोलतंय? तो अंदाजानं घ्यायचा आणि अंदाजानं द्यायचा. अशी शंभर घरांची मूठ-मूठ जमली की त्याचं गाठोडं व्हायचं. बाईच्या हातचा तेवढा एक व्यवहार, पण तोही विनातोलाचा.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि मुंबईला कापसाचा भाव आभाळाला भिडला. सावकारांनी इकडं सढळ हातानं कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, वसुली मात्र राहिली. पुढे १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांचा राग होता तो कागदांवर. खतं, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं दिले तिथं पुष्कळदा त्याला हातही लागला नाही. इंग्रज सरकारनं मग १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जाचा कागद सरकारी माणसापुढं नोंदवायचा, पैसे दिले की पावती द्यायची, मागितला की हिशोब द्यायचा, असं त्यात होतं. आपण निजामाकडं, त्यामुळं तो कायदा आपल्या पणजोबांच्या कामी आला नाही.

आणि गंमत बघा, त्याच अमेरिकेत युद्धानंतर गुलामीतून सुटलेली माणसं आणि गरीब गोरे शेतकरी कापसाच्या गावातल्या दुकानात असेच अडकले. बी, पीठ, कापड उधार. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. पिकावर दुकानदाराचा पहिला हक्क, तोही कायद्यानं. आणि दुकानदार सांगायचा, मका नको, कापूसच लाव, कारण मका तुम्ही खाऊन टाकाल, कापूस माझ्याकडंच येईल. सातासमुद्रापलीकडची गोष्ट, पण आपल्यातली एखादी म्हातारी ऐकेल तर म्हणेल, हे तर आमच्याच गावचं सांगतेय.

आपल्या आयांच्या काळात सरकारची एकाधिकार खरेदी आली, १९७२ पासून. ‘फेडरेशनला कापूस घातला’ असं आपण म्हणायचो. खासगी व्यापाऱ्याला कापूस विकायला बंदी. भाव ठरलेला, तोल सरकारी. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग, गाडीखाली झोपलेली माणसं, ग्रेडर काय लावतो याची धाकधूक, आणि मग चुकाऱ्याची वाट. चुकाऱ्यातून भांडवल निधीचे शेकडा तीन कापले जायचे आणि सोसायटीचं कर्जही परस्पर वळतं व्हायचं. सावकाराची तागडी सुटली हा त्यातला मोठा फायदा. पण चुकारा लांबला की पोरीच्या लग्नाला तोच जुना सावकार. पुढे २००० नंतरच्या वर्षांत ही एकाधिकार पद्धत गेली आणि खासगी व्यापारी उघडपणे परत आले.

आता आजचा हिशोब. वही उघडा आणि माझ्याबरोबर मांडा. आकडे समजायला सोपे घेतलेत.

समजा बी, खत, फवारणीचं औषध असा माल आणला. रोखीनं त्याचे अठरा हजार झाले असते. उधारीनं वहीत वीस हजार लागले. दुकानदार म्हणतो, ‘ताई, घरचंच समजा, व्याज काही घेत नाही, फक्त कापूस मला द्या.’ सहा महिन्यांनी दहा क्विंटल कापूस त्याला दिला. बाजारात त्या दिवशी सात हजारांचा भाव होता, त्यानं सहा हजार सातशे लावला. क्विंटलला तीनशे, दहा क्विंटलचे तीन हजार गेले. वर क्विंटलमागं एक किलो कटती, म्हणजे दहा किलो. त्याचे सहाशे सत्तर. आता बेरीज करा. मालाच्या भावातले दोन हजार, कापसाच्या भावातले तीन हजार, कटतीचे सहाशे सत्तर. पाच हजार सहाशे सत्तर रुपये. अठरा हजारांवर, सहा महिन्यांत. वर्षाचा दर काढला तर शेकडा त्रेसष्ट होतो.

तेच अठरा हजार गटातून शेकडा दोन रुपये महिन्यानं घेतले असते तर सहा महिन्यांचे दोन हजार एकशे साठ. शेकडा एकनं घेतले तर एक हजार ऐंशी, आणि ते व्याज आपल्याच गटात राहिलं असतं. बॅंकेचं किंवा सोसायटीचं पीककर्ज मिळालं तर तीन लाखांपर्यंत, वेळेत फेडलं की केंद्राची आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची सवलत धरून व्याज जवळजवळ शून्यावर येतं. ज्याला आपण ‘बिनव्याजी’ म्हणत होतो ते यात सगळ्यात महाग निघालं.

मला विचाराल तर यात दोन हजार मालात गेले त्याचं वाईट वाटतं, पण खरं दुखणं पुढच्या तीन हजार सहाशे सत्तरचं आहे. कारण ते व्याज नव्हतंच. ते कुणाला आणि कधी विकायचं हे ठरवायचा हक्क गेल्याचे पैसे होते.

म्हणून गटांना माझं एक सांगणं आहे. आपण बहुतेक कर्ज जूनमध्ये देतो. चांगलंच आहे. पण थोडी रक्कम राखून ठेवा, दसरा ते दिवाळीसाठी. पहिल्या वेचणीचा कापूस दवात भिजलेला, ओला असतो. सणाला पैसे हवेत म्हणून तोच घाईनं विकला जातो, आणि व्यापारी ओलाव्याच्या नावाखाली मनाला येईल तेवढं कापतो. भारतीय कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर ओलाव्याचा नियम ठरलेला आहे. शेकडा आठपर्यंत पूर्ण भाव, आठच्या वर बारापर्यंत त्या प्रमाणात कपात, बाराच्या वर घेत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. तिथं विकायचं तर आधी नोंदणी लागते, सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, पैसे आधार जोडलेल्या खात्यावर यायला काही दिवस जातात. ज्या बाईला उद्या पैसे हवेत ती तिथं जाऊच शकत नाही. गटानं त्या वेळी पाच-सात हजार रुपये महिन्याभरासाठी दिले, तर ती कापूस दोन उन्हं दाखवून वाळवेल, चार ठिकाणी भाव विचारेल, मग विकेल. जूनच्या कर्जानं व्याज वाचतं. दिवाळीच्या कर्जानं कापूस वाचतो.

आणि कागद. खत-बियाण्याचं पक्कं बिल मागायचं. उधारीवर असलं तरी मागायचं. खताच्या गोणीवर किंमत छापलेली असते, तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, उधारीवरही नाही. बियाण्याचं बिल आणि लेबलसकट रिकामी पिशवी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवायची. बी उगवलं नाही तर तक्रार त्याच दोन गोष्टींवर उभी राहते. कापूस घरून दिला तरी तोलाची चिठ्ठी, भाव, तारीख लिहून घ्यायची. हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई वेगळी लिहिलेली असते. ‘कटती’ किंवा ‘सूट’ म्हणून किलोवर काही कापलं असेल तर ते कोणत्या नियमानं, हे विचारायचं. एकटीला विचारायला जड जातं. चौघी गेल्या की आवाज निघतो.

व्याजानं पैसे घेतले असतील तर २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा लक्षात ठेवा. सावकाराकडं परवाना लागतो. परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला शेकडा नऊ आणि विनातारण शेकडा बारा, एवढंच व्याज घेता येतं. वर्षाला, महिन्याला नाही. अवैध सावकारीत जमीन लिहून घेतली गेली असेल आणि त्याला पंधरा वर्षं झाली नसतील, तर ती परत मिळण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. तालुक्याला सहायक निबंधकाच्या कार्यालयात चौकशी करा.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींचंही याच माळेत बसतं. मुकादमाची उचल म्हणजे श्रमावरची उधारीच. पऱ्हाटी उभी असताना कापूस विकून टाकायचा, तसं कोयता लागायच्या आधी हंगाम विकून टाकायचा. जोडप्याचा मिळून एक कोयता, पण उचल घेतो नवरा, हिशोब ऐकतो नवरा. अर्धा ऊस तोडलेली बाई हिशोबाच्या वेळी चहा करत असते. उचलीची रक्कम आणि किती टन तोडले हे रोज लिहून ठेवायला दहावीतली पोरगीसुद्धा पुरते.

शेवटी नावाचा विषय. हमीभावाच्या खरेदीला सातबारा, पीककर्जाला सातबारा. वेचणी आपली, पण सातबाऱ्यावर नाव नसलं की पट्टीवर आणि खात्यावरही आपलं नाव येत नाही. शासनाची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लावता येतं. तलाठ्याकडं विचारायचं. अर्ज नवऱ्यानं करायचा आहे, तेव्हा आधी घरात बोलावं लागेल, आणि ते बोलणं कापूस विकून पैसे हातात आलेल्या संध्याकाळी केलेलं बरं, उधारी मागायला जायच्या सकाळी नको.

पुढच्या बैठकीला येताना गेल्या हंगामाची एक तरी पट्टी पिशवीत टाकून आणा. चुरगळलेली असली तरी चालेल. सगळ्या मिळून वाचू.